सोलापूरहून मँचेस्टरला: अण्णा, मी आणि भुरभुर पाऊस

मँचेस्टर हे नाव आपल्याकडे फार जणांनी वाटून घेतलंय. अहमदाबाद म्हणजे भारताचं मँचेस्टर, कोइम्बतूर दक्षिणेचं, कानपूर पूर्वेचं, इचलकरंजी महाराष्ट्राचं. सोलापुरात मिलचे भोंगे वाजत होते तोवर आम्हीही या नावावर थोडा हक्क सांगायचो. कापडगिरण्यांच्या त्या मूळ गावाला, इंग्लंडला, जाऊन येण्याची गरज मात्र कुणाला वाटली नव्हती.

आमचे थोरले बंधू, अण्णा, विणाई खात्यात जॉबर होते. माग बिघडला की पाना घेऊन धावणारा माणूस. गिरणी बंद पडली, देणी अर्धीमुर्धी मिळाली आणि पुढे अक्कलकोट रोड एमआयडीसीत दुसऱ्यांचे यंत्रमाग दुरुस्त करत त्यांनी संसार ओढला. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, फिजिओथेरपिस्ट होऊन मँचेस्टरच्या एका दवाखान्यात लागली. "पप्पा, आत्या, या की एकदा," असं तिचं दर फोनला चालायचं. वहिनींनी विमानाला साफ नकार दिला. मला खरं तर लंडन बघायचं होतं. अण्णा म्हणाले, "लंडनला आपलं काय काम?"

मँचेस्टरकडे मात्र त्यांचं काम होतं. आमचे वडील सूतखात्यात होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जाताना अण्णांनी तिथल्या यंत्रांवरच्या बिडाच्या पाट्या वाचल्या होत्या: प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. इंग्रजी अक्षरं जुळवायला ते त्या पाट्यांवर शिकले. ओल्डहॅम मँचेस्टरला लागूनच आहे, हे भाचीनं फोनवर सांगितलं आणि पासपोर्टचे अर्ज भरले गेले.

शनिवार

सप्टेंबरचा शेवट. आखातात विमान बदलून उतरलो तेव्हा दुपार होती असं घड्याळ म्हणत होतं, आभाळाला ते पटलेलं नव्हतं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, नाही म्हणावा तर चष्मा ओला. विमानतळावरून रेल्वेनं पिकॅडिली स्टेशनला आलो. तिथून जवळच पिकॅडिली गार्डन्स नावाचा चौक आहे. बाग कमी, काँक्रीट जास्त. बंद दुकानांच्या दारात झोपायच्या पिशव्यांत गुरफटलेली तरुण माणसं. पिवळ्या ट्रामगाड्या, घाईतली माणसं, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. दूरवर काचेचे उंच टॉवर.

अण्णांनी चारी दिशांना मान फिरवली. "धुराडं कुठंय?"

धुराडं नव्हतं. एका कप चहाला सुमारे 400 रुपये पडले आणि चहा कोमट होता. भाचीचं घर रशोम भागात, विल्म्स्लो रोडच्या एका गल्लीत, लाल विटांचं. गल्लीतली सगळी घरं एकाच साच्यातली. रात्री मी डायरीत लिहिलं: शहर ओलं, उदास, महाग. कापसाचा मागमूस नाही. परतीचं तिकीट बदलता आलं तर लंडन.

रविवार

भाचीला सुट्टी होती. तिनं आम्हाला अँकोट्सला नेलं. हा गिरण्यांचा जुना भाग. रॉचडेल कालव्याच्या काठाला सलग सहा-सात मजल्यांच्या लाल विटांच्या भिंती. आम्ही ज्याला मिल म्हणतो तिचा आजोबा पाहायचा तर इथं. मरेज मिल्स या समूहातली सर्वांत जुनी इमारत 1798 ची आहे. पुण्यात तेव्हा पेशवाई होती. आणि तिचं नाव 'ओल्ड मिल'. सोलापुरात जुनी मिल म्हटलं की रिक्षावाला पुढचं विचारत नाही. अण्णा पाटीखाली उभे राहून बराच वेळ हसत होते.

हसू फार टिकलं नाही. खिडक्यांत कुंड्या होत्या, आत दिवे, कुणाचं तरी कुत्रं काचेला नाक लावून बसलेलं. या गिरण्यांचे आता फ्लॅट झालेत. तळमजल्यांवर कॉफीची दुकानं, आंबवलेल्या पिठाचे महागडे पाव, बाहेर रांग. भाचीनं एका छोट्या फ्लॅटचं महिन्याचं भाडं सांगितलं. अण्णांनी मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाले, "मिलमधून सुटायला आम्ही भोंग्याची वाट बघायचो. हे पैसे देऊन आत राहायलेत?"

मला राग आला होता, आणि तो का आला हे नीट सांगता येत नव्हतं. आमच्याकडे मिलच्या जागांवर प्लॉट पडले, वसाहती झाल्या, काही ठिकाणी बाभळी माजल्या. इथं विटा जशाच्या तशा, घासूनपुसून ठेवलेल्या. पण ज्या खोलीत सात-आठ वर्षांची पोरं मशीनखालचा कापूस झाडत होती, तिथं आता कुणाचा तरी सोफा. शहरानं स्वतःचा इतिहास भाड्यानं दिला, असं त्या दिवशी वाटलं. कालव्याचं पाणी काळं होतं आणि वरून भुरभुर चालूच.

सोमवार, मंगळवार

भाची ड्युटीवर, पाऊस ड्युटीवर. सोमवारी घराबाहेर पडलोच नाही. सोबत आणलेली शेंगा चटणी आणि कडक भाकरी यांच्यावर दुपार काढली.

मंगळवारी आम्ही दोघंच धीर करून बसनं बाजारात गेलो. एका मोठ्या दुकानात अण्णा टॉवेलच्या विभागात शिरले ते निघेनात. प्रत्येक टॉवेलची कड उलटून बघत होते. पोर्तुगाल, पाकिस्तान, तुर्कस्तान, आणि बऱ्याच टॉवेलांवर भारत. मँचेस्टरचा एकही नाही. दोन बोटांत धरून त्यांनी लूप चोळला, कड ओढून पाहिली. "माल बरा आहे, कडेची शिलाई ढिली आहे." विक्रेत्या मुलीला वाटलं आम्हाला मदत हवी आहे. मी तिला सांगणार काय?

याच फेरीत कचऱ्याच्या डब्यांवर, रस्त्याकडेच्या खुंट्यांवर, बसवर मधमाशी दिसायला लागली. ही शहराची खूण आहे, राबणाऱ्या माणसांची. 1842 साली शहराला मिळालेल्या मानचिन्हातही ती आहे. राजा नाही, कामकरी माशी. अण्णांना हे आवडलं. मी म्हटलं, "डब्यावर माशी काढून काय होतंय?" ते म्हणाले, "आपल्याकडं डब्यावर नगरसेवकाचं नाव असतंय."

बुधवार

विज्ञान आणि उद्योग संग्रहालय. प्रवेश फुकट आहे, म्हणून मी फार अपेक्षा ठेवली नव्हती. जागाच मोठी ऐतिहासिक: 1830 साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली तिचं स्टेशन इथं अजून उभं आहे. जगात शिल्लक असलेलं सर्वांत जुनं प्रवासी स्टेशन. अण्णांनी ते येताजाता पाहिलं. त्यांना कापडाच्या दालनाची घाई होती, कारण ठरलेल्या वेळी तिथली यंत्रं चालवून दाखवतात.

कठड्याच्या आत निळ्या डगल्यातली, साठीकडे झुकलेली एक बाई. तिनं कापूस पिंजून दाखवला, पेळू केला, सूत काढलं. शाळेची पोरं, चार-दोन पर्यटक आणि आम्ही. मग तिनं माग सुरू केला. एकाच मागाचा तो आवाज. पोरांनी कानांवर हात ठेवले. अण्णा मात्र एक पाऊल पुढे सरकले आणि मान तिरकी करून ऐकायला लागले. मला म्हणाले, "मार उशिरा बसायलाय." मला काय कळणार? मिनिटभरात आडवा धागा तुटला आणि माग थांबला.

अण्णांनी कठड्यावरून दोन्ही हात उंचावून तिला काहीतरी खूण केली. तिनं पाहिलं, हसली आणि तिनंही एक खूण केली. पुढची वीस मिनिटं माझ्या भाचीच्या दुभाषेगिरीला काही काम उरलं नाही. गिरणीतल्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून लँकेशायरच्या विणकर बाया ओठांच्या हालचालींवर बोलायच्या. कित्येकींचे कान कायमचे गेले. अण्णांनी मग आमच्याकडच्या खुणा करून दाखवल्या: पाणी पिऊन येतो, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) संपत आला, साहेब येतोय. साहेबाची खूण तिला न सांगता कळली. तिनं धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा, दाखवला, ओठांना लावून धागा आतून ओढून घ्यायची नक्कल केली आणि मान हलवून सांगितलं की यातून आजार पसरायचे. अण्णांनी स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. आम्हीपण.

पावसाचा उलगडाही तिथंच झाला. हवा दमट असली की सुताला ओल राहते, धागा कमी तुटतो. कालवे, कोळसा, जवळचं लिव्हरपूल बंदर ही कारणं होतीच, पण कापसाचा धंदा या भागात रुजायला इथली ओलसर हवाही उपयोगी पडली. भाचीनं हे भाषांतर करून सांगायला घेतलं तर अण्णा मध्येच म्हणाले, "मला काय सांगतीस? मे महिन्यात खात्यात फवारे मारून मारून आम्ही दमट करायचो, तरी धागा तटातट तुटायचा. हितं देवानंच फवारा सोडलाय."

बाहेर आलो तेव्हा भुरभुर होतीच. अण्णांनी छत्री उघडली नाही. मी उघडली. मँचेस्टरचा वर्षभराचा पाऊस मुंबईच्या निम्म्याहूनही कमी असतो म्हणे. पण मुंबईचा पाऊस एकदाचा पडून तरी जातो.

त्याच दालनात एक गोष्ट अशी होती जिच्यापाशी अण्णा थांबले नाहीत, मी थांबले. इथं येणारा कापूस कुठून यायचा? 1861 च्या आधी तीन चतुर्थांशाहून जास्त अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातांनी वेचलेला. तिथं यादवी युद्ध पेटलं, नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या आणि मग यांना आपल्या कापसाची आठवण झाली. आखूड धाग्याच्या, कचरा मिसळलेल्या 'सुरती' कापसाला इथले विणकर वैतागलेले होते. पण मुंबईत त्या चार वर्षांत पैशाचा पूर आला आणि 1865 ला युद्ध संपताच शेअर बाजार कोसळला. आमच्या सोलापूरच्या गिरण्या त्यानंतरच्या. म्हणजे अण्णांची नोकरी, आमचं शिक्षण, भाचीची फिजिओथेरपी यांचं एक टोक त्या मळ्यांपर्यंत जातं. हे मी कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी भाचीनं पिठलं केलं होतं.

गुरुवार

डार्वेन. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून बोल्टनमार्गे ब्लॅकबर्नची गाडी पकडायची. शहर सुटलं की हिरवे-तपकिरी डोंगर, मेंढ्या, दगडी घरांच्या ओळी. इथं यायचा आग्रह माझा होता. सप्टेंबर 1931 च्या अखेरीस गांधीजी गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना या गावी आले होते. परदेशी कापडावरच्या बहिष्कारानं लँकेशायरमध्ये बेकारी वाढली होती. इथल्याच एका गिरणीमालक कुटुंबानं त्यांना बोलावलं: या, आमची स्थिती डोळ्यांनी बघा. ते आले आणि गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती गराडा घालून जल्लोष केला. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. कामगारांना त्यांनी सांगितलं ते गुळमुळीत नव्हतं: तुमच्याकडे तीस लाख बेकार आहेत, आमच्याकडे तीस कोटी लोक वर्षातला निम्मा काळ बेकार असतात.

आम्हा सोलापूरकरांना 1931 चा वेगळा अर्थ आहे. मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाल्यावर सोलापूर पेटलं, गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पोलीस शहर सोडून गेले आणि काही दिवस सोलापुरात इंग्रजांची सत्ताच उरली नाही. मग मार्शल लॉ. 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिली. त्यानंतर नऊ महिनेही झाले नव्हते, तेव्हाची ही भेट. डार्वेनच्या त्या बायांना सोलापूर हे नाव माहीत असेल का, हा प्रश्न मला गाडीत बसल्यापासून छळत होता.

गावात शिरताच अण्णांना त्यांचं धुराडं मिळालं. सुमारे 300 फूट उंच, विटांचं, नक्षीचं, इटलीतल्या एखाद्या घंटाघरासारखं. 1867 चं. धूर ओकायच्या नळीवर एवढी कलाकुसर! आणि या गिरणीचं नाव, इंडिया मिल. आत आता कापड विणलं जात नाही. अण्णा चारी बाजूंनी फिरून आले, मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या जीवावर बांधलं आणि नावपण आमचंच दिलं. प्रामाणिक आहेत."

जेवायला चीज आणि कांद्याचा गरम 'पाय' घेतला, म्हणजे सारण भरून भाजलेली खारी. दुकानातल्या पोरीला गांधीजी इथं आले होते हे ठाऊक नव्हतं. तिला फोनवर फोटो दाखवला, तर तिनं त्यातल्या बायांचे कपडे निरखले आणि म्हणाली, माझी पणजी असू शकेल यात. पाय बांधून देताना तिनं एक जास्तीचा घातला.

त्याच रस्त्याला जुन्या सामानाचं एक दुकान होतं. अण्णांना तिथं लाकडी धोटा सापडला, दोन्ही टोकांना पोलादी टोप्या असलेला. किंमत मी सांगत नाही, वहिनी हे वाचतील.

शुक्रवार

शहराच्या मध्यावर रॉयल एक्स्चेंज आहे. कापसाचा आणि कापडाचा व्यापार इथं चालायचा. आता घुमटाखालच्या त्या अवाढव्य दालनात नाट्यगृह आहे, खांबांना टांगून बसवलेलं, कारण जमिनीला वजन पेललं नसतं. वरच्या फळ्यावर 1968 सालच्या शेवटच्या दिवसाचे भाव अजून तसेच आहेत.

दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबनं हे दालन उद्ध्वस्त झालं, पुन्हा उभारताना लहान केलं, तरी आत गेल्यावर आवाज खाली येतो. माझा तर चढला. 1913 साली इथल्या व्यापाऱ्यांनी सुमारे 700 कोटी यार्ड कापड बाहेर पाठवलं आणि सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपण. आपल्या गिरण्या उभ्या राहायला लागल्या तर लँकेशायरच्या दबावाखाली 1896 साली देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसवला. आपल्याच देशात, आपल्याच कापडावर. तो 1925 पर्यंत उठला नाही. बँकेत आयुष्य गेल्यामुळे असेल, मला तलवारीपेक्षा टक्केवारीचा राग जास्त येतो. भाची म्हणाली, "आत्या, हळू बोल, तालीम चाललीय."

तिथून चालत लिंकनचा पुतळा. अमेरिकेच्या अध्यक्षाचं मँचेस्टरात काय काम? कापसाच्या दुष्काळात इथले कामगार उपाशी होते. गुलामांच्या मालकांच्या बाजूनं ब्रिटननं उतरावं आणि कापूस सुरू व्हावा, असं म्हणणारेही पुष्कळ होते. पण 1862 च्या शेवटच्या दिवशी इथल्या सभेत कामगारांनी लिंकनला पाठिंब्याचं पत्र पाठवलं. त्यानं जानेवारी 1863 मध्ये दिलेलं उत्तर चौथऱ्यावर कोरलेलं आहे. पोट रिकामं असताना. एक्स्चेंजमध्ये चढलेला माझा पारा इथं जरा उतरला, पूर्ण नाही.

पुढे पीटरलूचं स्मारक. 16 ऑगस्ट 1819 ला सेंट पीटर्स फील्डवर मतदानाचा हक्क मागायला सुमारे साठ हजार माणसं जमली होती. घोडेस्वार तलवारी उपसून घुसले. मेलेल्यांची नावं गोल पायऱ्यांवर कोरली आहेत. पायऱ्यांमुळे अपंगांना वर जाता येत नाही, म्हणून या स्मारकावर टीका झाली आणि ती रास्त आहे. अण्णांच्या गुडघ्यांनीही तिसऱ्या पायरीवर हात टेकले. तिथंच बसून मी त्यांना नावं वाचून दाखवली. त्यात बाया होत्या, एक दोन वर्षांचं पोरही. ज्या सरकारनं आमच्यावर गोळ्या झाडल्या त्याच व्यवस्थेनं शंभर वर्षं आधी स्वतःच्या विणकरांवर घोडे घातले होते.

कॅथेड्रलबाहेर गांधीजींचा ब्राँझचा पुतळा आहे, 2019 साली बसवलेला. घडवणारे राम सुतार, आपल्या धुळे जिल्ह्यातले. तो बसवायला इथल्या काही विद्यार्थ्यांनी विरोध केला होता. पुतळ्याच्या खांद्यावर पावसाचे थेंब आणि एक कबुतर.

संध्याकाळी टॅक्सीनं घरी. विल्म्स्लो रोडचा तो पट्टा करी माइल म्हणून ओळखला जातो. कबाब, मिठाई, शाली, हुक्के, सगळ्या पाट्या झगझगीत. शनिवारी याच रस्त्यानं आलो होतो, तेव्हा झोपेनं डोळे मिटत होते. चालकाचे वडील पाकिस्तानातून साठच्या दशकात आलेले, ओल्डहॅमच्या गिरणीत रात्रपाळीला. गोऱ्यांना रात्रपाळी नको होती, म्हणून ती यांच्या वाट्याला आली. ओल्डहॅम म्हटल्यावर अण्णा पुढच्या सीटकडे वाकले आणि अस्सल सोलापुरी हिंदीत सुरू झाले: "अपने मिल में मशीन पे लिखा रहता था ना वो, प्लॅट ब्रदर्स!" चालक म्हणाला, अब्बा तिथंच होते, मशीन बनवायच्या नाही, चालवायच्या खात्यात. दोघांचं पाळी, बदली, दमा असं चालू झालं. घर आलं तरी मीटर बंद करून गप्पा. भाचीला बिचारीला सकाळी ड्युटी होती.

शनिवार

सामान बांधताना वाद झाला. अण्णा म्हणाले की अँकोट्सचे फ्लॅट त्यांना आता पटलेत. निदान भिंती तर राहिल्या. आपल्या पाडल्या, नातवाला दाखवायला वीटसुद्धा नाही. मी म्हटलं, भिंती राहिल्या पण त्यात राहायला गिरणी कामगाराच्या नातवाला परवडणार आहे का? "पाडली त्यापेक्षा बरं." "बरं कुणाला?" भाचीनं वजनकाटा आणून ठेवला तरी आम्ही थांबलो नव्हतो.

बॅग दोन किलो जास्त भरली. धोटा हातसामानात चालेना, त्याच्या टोकांना सुरक्षा तपासणीवाले हरकत घेतील म्हणून. मोठ्या बॅगेतूनच न्यायचा तर दुसरं काहीतरी काढायला हवं. बँकेतल्या मैत्रिणींसाठी घेतलेले बिस्किटांचे तीन डबे बाहेर आले. पाऊस थांबला होता, तर अण्णा म्हणाले, "आत्ता धागा तुटंल बघ."